टक्के ठीक, पण कशाचे?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसवर गाईडनी लाल पेनाने एकच प्रश्न लिहिला होता: 'बेस इयर हेच का?' तेव्हा राग आला. नंतर अमेरिकेचा १९२४ चा इमिग्रेशन कायदा वाचला.

आधीच्या, म्हणजे १९२१ च्या कायद्यात कोटा कसा होता बघा. १९१० च्या जनगणनेत एखाद्या देशात जन्मलेले जेवढे लोक अमेरिकेत राहत होते, त्यांच्या ३ टक्के. १९२४ मध्ये काँग्रेसने ३ चे २ केले आणि जनगणना घेतली थेट १८९० ची! तोपर्यंत इटलीतून फार लोक आलेच नव्हते. नुसते टक्के बदलले असते तर इटलीचा ४२,०५७ चा कोटा २८,००० च्या आसपास राहिला असता. तो झाला ३,८४५. नाव न घेता दार बंद.

संसदीय समितीपुढे 'विज्ञान'ही हजर होतं. हॅरी लॉफलिननी तुरुंग, वेड्यांची इस्पितळं वगैरेंतली माणसं मोजून दक्षिण आणि पूर्व युरोपीय लोक जन्मतःच कमी प्रतीचे ठरवले. प्राणिशास्त्रज्ञ हर्बर्ट जेनिंग्ज यांनी त्याच आकड्यांतून दाखवलं की 'चांगल्या' गटातल्या आयर्लंडचे आकडेही वाईटच आहेत. म्हणजे डेटा तोच, गट पाडायची रेघ सोयीची. उपयोग झाला नाही. मे महिन्यात कूलिज यांची सही झाली.

१९२९ मध्ये कोट्याचं सूत्र बदललं, पण निर्वासितांसाठी वेगळी तरतूद आलीच नाही. हिटलरच्या काळात पळू पाहणारे ज्यू याच कोट्याच्या रांगेत उभे होते.