दोन जिल्हे, चार खासदार

फलटणच्या माणसाचं जिल्ह्याचं काम निघालं की तो साताऱ्याची गाडी पकडतो. कलेक्टर तिथं, जिल्हा परिषद तिथं, मध्यवर्ती बँकही तिथंच. पण त्याचा खासदार कोण हे ठरतं ते सोलापूर जिल्ह्याच्या मतांनी, कारण फलटण आणि माण हे दोन विधानसभा मतदारसंघ २००८ पासून माढा लोकसभेत आहेत. तीच गत सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर आणि शिराळ्याची. त्यांचा खासदार हातकणंगल्याचा, म्हणजे कोल्हापूरच्या अंगणातला. दोन जिल्ह्यांत मिळून विधानसभेचे सोळा मतदारसंघ आहेत. त्यातले सहा सातारा लोकसभेत, सहा सांगलीत, दोन माढ्यात, दोन हातकणंगल्यात. दोन जिल्ह्यांच्या वाट्याला असे चार खासदार येतात आणि त्यातले दोन शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावे लागतात.

ही वाटणी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाची. आयोगाच्या कामाचा मूळ घटक विधानसभा मतदारसंघ. तो फोडून दोन लोकसभांत वाटता येत नाही; जिल्हा मात्र फोडता येतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात नेमकं उलट आहे. तिथं प्रतिनिधिगृहाच्या चारच जागा, आणि त्या राज्याच्या घटनेची अट अशी की नकाशा आखताना एकही जिल्हा, त्यांच्या भाषेत काउंटी, फुटता कामा नये. नव्व्याण्णव काउंट्या आहेत तशा अख्ख्या उचलून चार ठिकाणी ठेवायच्या. बाकीच्या बऱ्याच राज्यांत नकाशा आखण्याचं काम सत्ताधारी आमदारच करतात आणि आपल्या सोयीच्या रेषा मारतात. आपल्याकडे रेषा मारणारा आयोग तरी वेगळा आहे, ही जमेची बाजू. आकाराची तुलना मात्र करूच नये. अमेरिकेत एका जागेमागे सरासरी साडेसात लाखांच्या आसपास माणसं, लहान मुलं धरून. एकट्या सातारा मतदारसंघात नुसते मतदारच अठरा लाखांवर आहेत.

२००८ च्या त्या नकाशात दोन्ही जिल्ह्यांनी बरंच गमावलं. साताऱ्याच्या दहा विधानसभा जागांच्या आठ झाल्या. जावळी आणि खटाव ही नावं गेली. सांगलीच्या नवाच्या आठ झाल्या. आणि १९५७ पासून लोकसभेच्या यादीत असलेलं कराड हे नावच पुसलं गेलं. कारण साधं होतं. जागा २००१ च्या जनगणनेवर वाटल्या गेल्या आणि लोकसंख्या मुंबई, ठाणे, पुण्याकडे सरकली होती. ती सरकवणारे कोण, तर याच डोंगरातले लोक. जावळी, पाटण, शिराळ्याच्या घराघरांतून माणसं मुंबईच्या गोदीत, कापड बाजारात, भाजी मार्केटात गेली. माथाडी कामगारांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील मूळ पाटण तालुक्यातले. म्हणजे माणूस पोटासाठी मुंबईला गेला आणि मागोमाग त्याची आमदारकीही गेली. साताऱ्याच्या निवडणुकीत हा मुंबईकर सातारकर अजूनही हजर असतो. २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उदयनराजे भोसले यांच्याविरुद्ध शिवसेनेनं उभे केले ते अण्णासाहेबांचे चिरंजीव नरेंद्र पाटील, आणि २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षानं उभे केले ते शशिकांत शिंदे, तेही माथाडींचेच नेते. दोघेही हरले, हा भाग वेगळा.

बाहेरचे पत्रकार या दोन जिल्ह्यांविषयी लिहितात तेव्हा ‘काँग्रेसचा बालेकिल्ला’ हे शब्द आपोआप येतात. आकडे पाहिले तर त्यांचं चुकतही नाही. सांगलीत १९६२ ते २००९ या काळात प्रत्येक लोकसभा निवडणूक काँग्रेसनं जिंकली, अगदी १९७७ चीसुद्धा. पण माझं मत असं की हे मतदारसंघ पक्षाचे कधीच नव्हते. ते गटांचे होते आणि आहेत. गट म्हणजे काय, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. एखादा साखर कारखाना, त्याच्या जोडीला बँक किंवा पतसंस्था, दूध संघ, बाजार समिती, शिक्षण संस्था, आणि या सगळ्याच्या टोकाला एक घर. गावात शिरलं की दोन पारांवर दोन गट बसलेले दिसतात. एक गट पक्ष बदलतो तेव्हा दुसरा त्याच्या विरुद्धच्या पक्षात जातो. गावातलं भांडण होतं तिथंच राहतं.

पाटणला देसाई आणि पाटणकर. कराडला कृष्णा कारखान्याच्या निवडणुकीत मोहिते आणि भोसले. यशवंतराव मोहिते आणि जयवंतराव भोसले हे सख्खे भाऊ, आणि रेठऱ्याच्या या कारखान्यासाठी त्यांच्या घरांत झालेल्या लढती लोकसभेपेक्षा जास्त ईर्ष्येच्या. कारखान्याच्या सभासदाला ऊस तोडीची चिठ्ठी वेळेवर मिळते की नाही हे संचालक मंडळावर ठरतं. संसदेत कोण बसतं यावर नाही. त्यामुळे लोकसभेला मत टाकतानाही त्याच्या डोक्यात पुढची कारखान्याची निवडणूक असते. कार्यकर्त्यांची भाषाही तशीच. ‘लोकसभेला आम्ही तुमचं करतो, विधानसभेला तुम्ही आमचं बघा.’ निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न कोण निवडून आलं हा नसतो, तर कुठल्या तालुक्यानं किती लीड दिलं हा. लीड देणारा आमदार मिशीला पीळ देतो. ज्याच्या तालुक्यात उमेदवार मागे पडला त्याच्याविषयी ‘आतून मदत झाली’ अशी कुजबुज दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सुरू होते.

पक्षाला न जुमानण्याची ही सवय जुनीच. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात, ज्यात आजचा सांगलीचा बराच भागही येत होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. ते नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेत गेले ते कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचं ते वर्ष. मिरज मतदारसंघ शेतकरी कामगार पक्षाकडे गेला, आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना स्वतःची कराडची विधानसभा थोडक्या मतांनी राखावी लागली. त्या वर्षी कराडची लोकसभा मात्र काँग्रेसच्या दाजीसाहेब चव्हाणांनी जिंकली. हे दाजीसाहेब शेतकरी कामगार पक्षातूनच काँग्रेसमध्ये आलेले. पुढे त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकी आणि मग मुलगा पृथ्वीराज; कराडची जागा चार दशकांतला बहुतेक काळ या एका घरात राहिली.

साताऱ्याचा सर्वांत बोलका निकाल १९८० चा. इंदिरा गांधी परत आल्या होत्या आणि महाराष्ट्रात त्यांच्या काँग्रेसचा धडाका चालला होता. यशवंतराव चव्हाण विरुद्ध बाजूला, अर्स काँग्रेसमध्ये. त्यांच्यासमोर वसंतदादा पाटलांच्या पत्नी शालिनीताई उभ्या राहिल्या. त्या वेळी अर्स काँग्रेसला सबंध महाराष्ट्रातून एकच जागा मिळाली आणि ती साताऱ्याची. सांगलीतून त्याच निवडणुकीत वसंतदादा इंदिरा काँग्रेसचे म्हणून आरामात निवडून आले. शेजारच्या दोन जागा, एकाच वेळी, परस्परविरोधी काँग्रेसना. कृष्णेच्या काठावरच्या मतदाराला यात काही विसंगत वाटलं नाही. साताऱ्यानं साहेबांना मत दिलं, सांगलीनं दादांना.

दादांचं घर हा सांगलीचा स्वतंत्र अध्याय. २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेला हा माणूस पुढे चार वेळा मुख्यमंत्री झाला. १९८३ मध्ये ते मुख्यमंत्रिपदासाठी मुंबईला परतले, तेव्हा पोटनिवडणुकीत शालिनीताई लोकसभेवर गेल्या. मग मुलगा प्रकाशबापू, मग याच घराण्यातले मदन पाटील, पुन्हा प्रकाशबापू, त्यांच्या निधनानंतर २००६ च्या पोटनिवडणुकीत नातू प्रतीक. १९८० ते २०१४ अशी चौतीस वर्षं जागा एका घरात. २०१४ ला ती साखळी तुटली. भाजपचे संजयकाका पाटील दोन लाख एकोणचाळीस हजारांच्या फरकानं जिंकले. मोदी लाट होती हे खरं, पण संजयकाका कालपर्यंत राष्ट्रवादीचे आमदार होते हेही खरं. तासगावात राष्ट्रवादीचेच आर. आर. पाटील, म्हणजे आबा, आणि काका एकाच पक्षात मावणं अवघडच होतं.

गंमत त्यापुढे आहे. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा सांगलीच्या मतदान यंत्रावर काँग्रेसचा हात नव्हताच. २०१९ मध्ये आघाडीनं जागा राजू शेट्टींच्या स्वाभिमानीला दिली आणि दादांचे धाकटे नातू विशाल पाटील बॅट घेऊन लढले. वंचितकडून गोपीचंद पडळकरांनी तीन लाख मतं घेतली आणि काका पुन्हा निवडून आले. २०२४ ला महाविकास आघाडीत ही जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला गेली आणि उमेदवारी डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटलांना. आघाडीच्या मुंबईतल्या बैठकांत हे ठरलं, पण सांगलीतल्या काँग्रेसच्या माणसांनी ते मनावर घेतलं नाही. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं लिफाफा. ४ जूनला मोजणी झाली तेव्हा लिफाफ्याला पाच लाख एकाहत्तर हजार, कमळाला चार लाख एकाहत्तर हजार, आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला साठ हजार आठशे साठ. पैलवानाचा यात दोष काही नव्हता. त्यांना आखाड्यात उतरवलं गेलं, पण पंचांपासून प्रेक्षकांपर्यंत सगळे दुसऱ्या बाजूचे होते. विशाल पाटलांनी लगेच काँग्रेसला पाठिंबा दिला. बालेकिल्ला परत आला असं पक्षाला म्हणता आलं. बालेकिल्ल्यानं मात्र पक्षाला विचारलंच नव्हतं.

मग घराणं असलं की जागा कायमची असते का? तर तसंही नाही, आणि ते साताऱ्यानंच दाखवलं. मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून निवडून आलेल्या उदयनराजेंनी चार महिन्यांत राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. विधानसभेबरोबरच २१ ऑक्टोबरला पोटनिवडणूक लागली. शिवछत्रपतींच्या तेराव्या वंशजासमोर पवारांनी उभे केले श्रीनिवास पाटील, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त सनदी अधिकारी, सिक्कीमचे माजी राज्यपाल. १९९९ मध्ये कराडला पृथ्वीराज चव्हाणांना हरवणारे हेच. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात पवार बोलायला उभे राहिले आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस भिजत बोलत राहिला, मागच्या वेळी उमेदवार निवडण्यात चूक झाली असं म्हणाला आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारी लोकांवर टाकली. राजे सत्त्याऐंशी हजारांनी पडले. पावसानं निवडणूक फिरवली असं लिहिण्याचा मोह तेव्हा सगळ्यांनाच झाला. मला वाटतं, पावसाआधीच गावोगावच्या गटांना एक गोष्ट खटकली होती: कौल मागून घेतला आणि चार महिन्यांत परत केला, हे वागणं. इथं पक्ष बदलणं क्षम्य आहे. पण मत देणाऱ्याला विचारात न घेता बदलणं नाही.

गादीचा मान मात्र शाबूत राहिला. २०२४ मध्ये उदयनराजे पुन्हा उभे राहिले आणि बत्तीस हजारांनी जिंकले. साताऱ्याच्या लोकसभेवर कमळ पहिल्यांदाच फुललं. त्या निकालातही एक काटा आहे. पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि यंत्रावर एका अपक्षाचं चिन्ह नुसती तुतारी. या अपक्षाला सदतीस हजारांवर मतं पडली, म्हणजे जिंकण्या-हरण्याच्या फरकापेक्षा जास्त. त्यातली किती मतं चुकून गेली हे कुणी सिद्ध करू शकत नाही. शिंदेंच्या कार्यकर्त्यांची खात्री आहे, राजांच्या कार्यकर्त्यांना हसू येतं.

याच साताऱ्यात सहा महिन्यांनी झालेल्या विधानसभेत आठही जागा महायुतीला गेल्या. कराड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हरले ते जयवंतराव भोसल्यांच्या नातवाकडून. सांगलीत लोकसभा हरलेले संजयकाका घड्याळ घेऊन तासगावात उतरले आणि आबांच्या मुलाकडून, पंचविशीतल्या रोहित पाटलांकडून हरले. कमळ ते घड्याळ हा प्रवास त्यांनी सहा महिन्यांत केला. तासगावात मात्र लढत होती तीच, काकांची आणि आबांच्या घराची.

माढा आणि हातकणंगल्यात गेलेल्या चार विधानसभा मतदारसंघांचा आवाज या सगळ्यात बारीक होतो. तरी फलटणनं आपला हिशेब साधला होता. १९९६ मध्ये शिवसेनेचे म्हणून साताऱ्यातून निवडून आलेले हिंदुराव नाईक निंबाळकर फलटणचे; त्यांचे चिरंजीव रणजितसिंह २०१९ मध्ये माढ्याचे खासदार झाले, आणि २०२४ मध्ये अकलूजच्या मोहिते पाटलांकडून हरले. शिराळा-इस्लामपूरच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. हातकणंगल्याचे २००८ च्या नकाशानंतरचे दोन्ही खासदार, राजू शेट्टी आणि धैर्यशील माने, कोल्हापूर जिल्ह्यातले.

आता नवा नकाशा येणार आहे. प्रत्येक राज्याच्या जागांची एकूण संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे आणि ते बंधन २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतचं. त्याच्या जोडीला २०२३ च्या घटनादुरुस्तीनं महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखायच्या आहेत. सातारा, सांगली, कराड या तीन जागांनी आजवर लोकसभेत पाठवलेल्या स्त्रिया दोन: प्रेमलाकाकी चव्हाण आणि शालिनीताई पाटील. दोघीही पहिल्यांदा गेल्या त्या पोटनिवडणुकीतून, पतीच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. कराडचं नाव परत येतं का, माण आणि फलटण साताऱ्याला परत जोडले जातात का, यावर कार्यकर्त्यांची चर्चा चालू असते. महिला राखीव जागा कुठली पडेल यावर मात्र अजून कुणी उघड बोलत नाही. गटांत तसा तयार उमेदवारच नाही, आणि असला तरी त्याचं नाव घरातल्या सुनेचं असणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे.