पिशवीचं तोंड

गर्भाशयाचं कौतुक होतं ते त्याच्या वाढीसाठी. ती वाढ आहेच थक्क करणारी: एरवी साठ-सत्तर ग्रॅमचा हा अवयव दिवस भरेपर्यंत सुमारे एक किलोचा होतो. बाळ, वार, गर्भजल, सगळं त्यात मावतं. पण हा भार खाली रेटत असताना त्याच अवयवाचा तीन-चार सेंटिमीटरचा खालचा भाग महिनोन्महिने मिटून राहतो. डॉक्टर त्याला गर्भाशयग्रीवा म्हणतात, बायका पिशवीचं तोंड. गर्भ टिकतो तो या मिटून राहण्यामुळेही, आणि त्याची दखल मात्र ते बिघडल्यावरच घेतली जाते.

ग्रीवा स्नायूंच्या जोरावर आवळलेली असते, असा समज बराच काळ होता. १९४७ मध्ये अमेरिकी डॉक्टर डेव्हिड डॅनफोर्थ यांनी दाखवलं, की तिच्यात स्नायू थोडेच असतात, ती मुख्यतः तंतुमय ऊतींची बनलेली असते. कोलॅजेनच्या दाट विणीवर तिची ताकद. आतल्या ग्रंथी दाट श्लेष्मा स्रवतात, त्याचं बूच होऊन योनिमार्गातले जंतू अडतात. प्रोजेस्टेरॉन वरच्या स्नायूंना शांत ठेवतं आणि ही वीण टिकवायला मदत करतं. बाळंतपण जवळ आलं की वीण विस्कळते, ग्रीवा पाणी धरून मऊ पडते आणि कळांबरोबर उघडते.

काहींच्या बाबतीत मात्र चौथ्या ते सातव्या महिन्यातच, फारशा कळा न येता, तोंड उघडतं आणि नीट वाढत असलेलं बाळ हातचं जातं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. ओझं उचललं असेल, जिना चढली असेल, असे बोल घरोघरी तिलाच लावले जातात. हा शुद्ध अन्याय आहे.

या बायकांचा विचार ज्यांनी नेटानं केला, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९चा, गोव्यातल्या शिरोड्याचा; मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, तिथेच शिकवलं. विश्रांती आणि संप्रेरकं देऊनही काही बायकांचा गर्भ याच महिन्यांत पडतो, हे त्यांनी पाहिलं होतं. दोष ग्रीवेत असेल तर उपायही तिथेच हवा. १९५५ मध्ये त्यांनी आपली शस्त्रक्रिया मांडली: बाईच्याच मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी घ्यायची, मूत्राशय वर सरकवायचं आणि ग्रीवेच्या आतल्या तोंडापाशी ती पट्टी फिरवून बांधायची. जगभर ती ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखली जाते. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्ड यांनी बटव्याच्या नाडीसारखा सोपा टाका सुचवला. आज पुष्कळदा तोच घालतात.

पण सरसकट टाका घालणं मला पटत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १२९२ गरोदर स्त्रिया होत्या, टाक्याची गरज आहे की नाही याबद्दल त्यांचे डॉक्टरच साशंक असलेल्या. टाका घातलेल्यांपैकी १३ टक्के स्त्रिया ३३ आठवड्यांआधी बाळंत झाल्या, न घातलेल्यांपैकी १७ टक्के. म्हणजे पंचवीसेक टाक्यांमागे एका बाईला लाभ. तो स्पष्ट दिसला तो आधी तीन किंवा अधिक वेळा गर्भ पडलेल्या किंवा वेळेपूर्वी बाळंत झालेल्या स्त्रियांमध्ये. म्हणूनच आधीचं बाळ कितव्या आठवड्यात आणि कसं गेलं, हे तपशिलात विचारणं महत्त्वाचं ठरतं. एकच बाळ असलेल्या गरोदरपणात, आधी वेळेपूर्वी बाळंत झालेल्या बाईची ग्रीवा २४ आठवड्यांआधी सोनोग्राफीत २५ मिलिमीटरहून आखूड दिसली, तर टाक्याचा विचार होतो. घातलेला टाका साधारण ३६-३७ आठवड्यांना काढतात.