दीपोत्सवापूर्वी भिंतीवरच्या वीजपेटीकडे एक दृष्टी

आश्विनाचा वद्य पक्ष लागला म्हणजे आमच्या त्र्यंबकक्षेत्री घराघरांतून झाडलोटीची घाई सुरू होते. चार महिने ब्रह्मगिरीवरून कोसळणारे पाणी ओसरते, भिंतींची ओल मात्र मागे राहते. कोणी ओटीवर चुना देतो, कोणी समया घासतो, कोणी माळ्यावरचा आकाशकंदील खाली उतरवून त्याचा कागद बदलतो. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत, आणि पुढे कार्तिकी पौर्णिमेस त्र्यंबकराजाचा रथ निघेपर्यंत, येथील घरे पाहुण्यांनी व यात्रेकरूंनी भरलेली असतात. या सगळ्या सिद्धतेत एका वस्तूकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे भिंतीवर स्क्रूंनी बसविलेली विजेची लहानशी पेटी. तिच्याविषयी आज चार शब्द सांगावेत, असे मनात आहे.

कीर्तनकाराने वायरमनचा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्याच घरात घडलेल्या एका प्रसंगात आहे.

नरकचतुर्दशीची ती पहाट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाची गडबड चालली होती. बंब अपुरा पडू लागला, म्हणून पितळी घंगाळात पाणी भरून त्यात विजेचा रॉड सोडला होता. पाणी कितपत तापले हे पाहण्यासाठी सूनबाईंनी बटण चालू असतानाच ओल्या हाताने घंगाळाच्या काठाला स्पर्श केला आणि किंकाळी फोडली. आमच्या सौभाग्यवतींनी प्रसंगावधान राखून धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, म्हणून अनर्थ टळला. सूनबाईंचा हात कितीतरी वेळ थरथरत होता. त्या दिवाळीत त्यांनी घरातील एकाही बटणाला पुन्हा हात लावला नाही.

नंतर जाणत्या वायरमनकडून तपासणी करविली, तेव्हा खरा प्रकार कळला. न्हाणीबाहेरच्या भिंतीवर यात्रेकरूंच्या सोयीसाठी आम्ही घाईघाईने एक नवी पेटी बसवून घेतली होती. तिला भोके तीन होती, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नव्हती. रॉडमधून निसटलेल्या प्रवाहाला जमिनीकडे जाण्याची वाट मिळाली नाही. ती वाट त्याने सूनबाईंच्या देहातून शोधली. काम करणाऱ्याची चूक होतीच. पण "दिवा लागतो ना, मग झाले" असे म्हणून पैसे चुकते करणारे आम्हीच होतो. आणि त्याच पेटीवर परगावाहून आलेली माणसे, श्राद्धकर्मासाठी उतरलेली वृद्ध मंडळी, रोज पाणी तापवीत होती! हे आठवले म्हणजे आजही अंगावर काटा येतो. अतिथीला देव म्हणावयाचे आणि त्याच्या हाती असे साधन द्यावयाचे, हा कोणता धर्म?

उघडे फिटिंग का असते?

येथील जुन्या वाड्यांच्या भिंती दगड, माती आणि विटांच्या, हातभर जाडीच्या. त्यांत झिरी मारून तारा पुरणे कठीण. भिंत खिळखिळी होते आणि ओल आत शिरते. म्हणून पूर्वी सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी तारा बसवीत आणि लाकडी ठोकळ्यावर बॅकेलाइटची बटणे लावीत. आता त्या जागी प्लॅस्टिकची केसिंग पट्टी आणि प्लॅस्टिकचीच पेटी आली. यास वायरमन मंडळी 'ओपन फिटिंग' म्हणतात.

ही पद्धत कमी प्रतीची आहे, असे समजण्याचे कारण नाही. तिचा मोठा गुण असा की, तार कोठून कोठे जाते हे डोळ्यांना दिसते. आकाशकंदिलासाठी खिळा ठोकताना तो तारेवर बसण्याचे भय राहत नाही. मात्र जे भिंतीवर उघडे असते, त्याला धक्का, ओल, धूर आणि लहान मुलांची बोटे हे सर्व सोसावे लागते. जुन्या तारांवरील रबर तर काही दशकांनी वाळून भेगाळते. तेव्हा गुण घ्यावयाचा तर पाहणीचा नेमही पाळला पाहिजे.

आधी शोधा, मग वापरा

धनत्रयोदशीपूर्वी एका दुपारी कागद घेऊन घरभर फिरावे आणि प्रत्येक प्लगपॉइंटची नोंद करावी. कपाटामागे, देव्हाऱ्याच्या बाजूला, जिन्याखाली, माळ्यावर अशा किती पेट्या आपण विसरलेलो असतो, हे पाहून नवल वाटेल. प्रत्येक पेटीपाशी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पेटी भिंतीवर घट्ट आहे की हलते? मातीच्या भिंतीत ठोकलेला लाकडी गट्टू सैल झाला, तर पिन ओढताना पेटीच हाती येते. भोकांभोवती तपकिरी डाग, वितळलेली कड, जळका वास किंवा चरचर आवाज आहे काय? ही सैल जोडणीची लक्षणे आहेत. अशा जागी उष्णता साठते आणि तीच पुढे आगीचे कारण होते. मागच्या भिंतीला ओल वा लोणा आला आहे काय? केसिंग पट्टीचे झाकण निघून तार लोंबते काय? फट राहिली असल्यास पाल आणि मुंग्या आत शिरतात, हे गृहिणींना सांगावयास नको. यांपैकी काहीही आढळले, तर त्या पेटीचा वापर तत्काळ थांबवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. तीन भोके दिसली म्हणजे अर्थिंग आहे, असे मानू नये. आम्ही तेच मानले होते. फेज कोठे आहे एवढेच आपल्या हातातला टेस्टर सांगतो, अर्थिंग नीट आहे की नाही हे तो सांगत नाही. त्यासाठी परवानाधारक तारतंत्रीच बोलवावा आणि प्रत्येक पेटी त्याच्याकडून तपासून घ्यावी. तीन पिनांतील वरची पिन लांब आणि जाड का असते, याचाही विचार करावा. पिनटॉप आत जाताना प्रथम अर्थिंगचा संबंध जुळावा आणि काढताना तो शेवटी सुटावा, अशी ती योजना आहे. ती पिन कापून दोन भोकांत बसविणे म्हणजे रक्षणकर्त्यालाच दाराबाहेर उभे करणे होय.

भार किती सोसेल?

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची. लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणजे त्यावर सुमारे १,३८० वॉटपर्यंतच भार द्यावा. मोठे सॉकेट १६ अँपिअरचे. त्यावर सुमारे ३,६८० वॉट चालतात, अर्थात मागची तारही तितक्या जाडीची असेल तरच. दिव्यांची एलईडी माळ किंवा मोबाईलचा चार्जर फार थोडी वीज घेतो. पण पाणी तापविण्याचा १,५०० वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. तो लहान सॉकेटवर लावणे ही चूकच. एका पेटीवर मल्टीप्लग, त्यावर दुसरा मल्टीप्लग आणि त्यावर माळा, रॉड व इस्त्री लावली, तरी सगळा प्रवाह त्या एकाच पेटीतून जातो, हे विसरू नये.

नवी पेटी घेताना आय.एस.आय. चिन्ह आणि सॉकेटसाठी आय.एस. १२९३ हा मानक क्रमांक पाहावा. भोकांना आतून पडदा असलेले सॉकेट घ्यावे, म्हणजे मुलांनी तार वा खिळा घातला तरी तो सहजासहजी आत जात नाही. न्हाणी, मोरी आणि पाण्याच्या हंड्यांपासून पेटी दूर असावी. समई, निरांजन किंवा मखराचे कापड तिच्या लगत नसावे.

दोन पहारेकरी

फ्यूज किंवा एमसीबी हा तारेचा पहारेकरी. भार वाढला की तो वाट तोडतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणारा गृहस्थ आपल्याच घराला आग लावण्याची तयारी करीत असतो. दुसरा पहारेकरी आरसीसीबी हा माणसाचा. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा तो अखंड हिशेब ठेवतो. त्यांत ३० मिलिअँपिअरची तूट आली, तर क्षणाच्या अल्प अंशात वीज बंद करतो. त्यावरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो जागा आहे ना, हे पाहावे. आमच्या घरी त्या दिवाळीनंतर तो बसला. आधी बसला असता तर ती पहाट तशी उजाडली नसती.

रॉड वापरणाऱ्यांनी एवढा नेम कटाक्षाने पाळावा. प्रथम रॉड पाण्यात ठेवावा, नंतर बटण चालू करावे. पाणी तापल्यावर बटण बंद करून पिन काढावी आणि मगच पाण्याला हात लावावा. धातूचे घंगाळ या कामी वापरू नये.

दुर्दैवाने कोणास धक्का बसून तो चिकटला, तर त्याला स्पर्श न करता आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर ढकलावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी. विजेच्या आगीवर पाणी कदापि टाकू नये.

संस्कृतात 'विद्युत्' हा शब्द 'द्युत्', म्हणजे प्रकाशणे, या धातूपासून झाला आहे. ऋग्वेदाचे पहिलेच सूक्त अग्नीचे. तेजाला आपण देव मानले, पण यज्ञकुंडाला मेखला घालण्यासही विसरलो नाही. पूर्वजांनी अग्नीला मर्यादा घातली आणि मग त्याची पूजा केली. भिंतीवरची ती पेटी म्हणजे आपल्या घरातील त्याच तेजाची मेखला होय. ती शाबूत असेल तरच दीपोत्सव मंगल.

आमच्या सूनबाई आता स्वतः कागद घेऊन दर आश्विनात घरभर फिरतात. न्हाणीबाहेरची ती पेटी केव्हाच काढली; भिंतीवर चार भोके तेवढी राहिली आहेत. ती आम्ही मुद्दाम बुजविली नाहीत. येता-जाता ती दिसली की त्या पहाटेची आठवण होते. वाचकहो, आपल्या घरी तशी आठवण निर्माण होण्याची वाट पाहू नका. आजच, दिवा लावण्यापूर्वी, भिंतीकडे एकवार पाहा. दीपावली आपणां सर्वांस सुखाची जावो. शुभं भवतु.