छत्री की केबल : एचडी दूरचित्रवाणीविषयीचे गैरसमज आणि बुलढाणा जिल्ह्यातील वस्तुस्थिती

उपग्रहावरून थेट घराच्या छतावर उतरणारी डीटीएच सेवा आणि खांबावरून घरात येणारी केबल यांपैकी काय घ्यावे, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात बहुधा ‘उपग्रह चांगला की वायर चांगली’ अशा शब्दांत विचारला जातो आणि या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज या शब्दांतच दडलेला आहे. केबलवर दिसणाऱ्या बहुतेक वाहिन्याही मुळात उपग्रहावरूनच आलेल्या असतात. वाहिनीचे चित्र प्रसारण कंपनी उपग्रहाकडे पाठवते. तेथून परतणारा संकेत केबल कंपनीच्या हेडएंडवर, म्हणजे मुख्य नियंत्रण केंद्रावर, मोठ्या छत्र्यांनी टिपला जातो आणि उलगडून, पुन्हा एकत्र बांधून तो प्रकाशीय तंतूवाटे व पुढे वायरवाटे गावोगावी धाडला जातो. डीटीएच कंपनीही वाहिन्या अशाच गोळा करते, मात्र त्यांचा एकत्र गठ्ठा ती दुसऱ्या उपग्रहाकडे पाठवते आणि तो उपग्रह घरावरच्या लहान छत्रीत तो गठ्ठा थेट टाकतो. त्यामुळे दोन्ही मार्गांतला खरा फरक शेवटच्या टप्प्यापुरता असतो आणि निवडीचा विचारही त्याच टप्प्यापाशी व्हायला हवा.

‘डीटीएचचे एचडी चित्र केबलपेक्षा मुळातच स्वच्छ असते’ ही समजूत ॲनालॉग केबलच्या काळातून आलेली आहे. त्या काळी पडद्यावर मुंग्या दिसत, एका वाहिनीवर दुसरीची सावली पडे आणि शेवटच्या खांबावरच्या घराला सर्वांत वाईट चित्र मिळे. केबल दूरचित्रवाणी जाळ्यांच्या नियमनासाठी 1995 मध्ये झालेल्या कायद्यात 2011 मध्ये दुरुस्ती झाली आणि देशभरातील केबल चार टप्प्यांत डिजिटल करण्याचे ठरले. या योजनेत बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, शेगाव यांसारखी नगरपरिषदांची शहरे तिसऱ्या टप्प्यात, तर ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात मोडत होता आणि वारंवार मुदतवाढ मिळाल्यानंतर या दोन टप्प्यांसाठी अनुक्रमे 31 जानेवारी 2017 आणि 31 मार्च 2017 या अखेरच्या तारखा ठरल्या. तेव्हापासून केबलचा संकेतही छत्रीच्या संकेताप्रमाणे अंकांच्या रूपात येतो. अंकरूप संकेत एका ठरावीक पातळीच्या वर असेल तर चित्र पूर्ण दिसते. तो त्या पातळीच्या खाली गेला की चित्राचे चौकोन पडतात, ते गोठते किंवा नाहीसे होते. हळूहळू धूसर होत जाणारे चित्र या पद्धतीत नसतेच, म्हणून ‘केबलमुळे चित्र जरा फिके दिसते’ ही तक्रार आज केली जाते, तेव्हा तिचे कारण बहुधा अन्यत्र असते.

ते कारण समजण्यासाठी एचडी म्हणजे काय हे आकड्यांत पाहणे उपयोगी ठरते. भारतातील साधे, म्हणजे एसडी, चित्र 720 गुणिले 576 बिंदूंचे असते, तर पूर्ण एचडी चित्र 1920 गुणिले 1080 बिंदूंचे. पहिल्यात 4,14,720 बिंदू भरतात आणि दुसऱ्यात 20,73,600, म्हणजे बरोबर पाचपट. इतके बिंदू सेकंदाला अनेक वेळा जसेच्या तसे पाठवणे शक्य नसल्यामुळे चित्राचे संकोचन करावे लागते, म्हणजे चित्रातील न बदललेला भाग पुन्हा न पाठवता केवळ बदल पाठवले जातात. एका वाहिनीला सेकंदाला किती माहिती वापरू द्यायची हे वितरक कंपनी ठरवते. जागा वाचवण्यासाठी हा वाटा कमी केला की बातम्यांतील स्थिर चेहरा नीट दिसतो, पण क्रिकेटच्या सामन्यातील धावते मैदान, पावसाची दृश्ये किंवा आषाढीच्या वारीतील हलती गर्दी मात्र फिस्कटल्यासारखी दिसते. ही काटकसर डीटीएचवरही होते आणि केबलवरही, त्यामुळे केवळ मार्गाचे नाव ऐकून चित्राचा दर्जा सांगता येत नाही. ज्या शेजाऱ्याकडे ती सेवा आधीपासून आहे, त्याच्या घरी वेगवान हालचालीचा कार्यक्रम पाहणे हीच त्यावरची खात्रीची परीक्षा होय.

याहून अधिक नुकसान करणारा गैरसमज घरातल्या घरात असतो : एचडी संच विकत आणला की एचडी चित्र दिसू लागते, असे अनेक कुटुंबे धरून चालतात. वास्तविक त्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. संच एचडी हवा, सेट-टॉप बॉक्स एचडी हवा, वाहिनीची एचडी आवृत्ती पॅकमध्ये घेतलेली हवी आणि बॉक्स व संच यांना जोडणारी तार एचडीएमआय हवी. यांतली शेवटची गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन टोकांची जुनी तार बॉक्सबरोबर येते किंवा घरात पडलेली असते आणि बसवणारा तीच लावून जातो. या तारेतील पिवळ्या टोकातून जाणारा संकेत ॲनालॉग आणि साध्या दर्जाचा असतो, एचडी चित्र त्यातून जाऊच शकत नाही. परिणामी महिन्याकाठी एचडीचे पैसे भरणारे घर एसडी चित्र पाहत राहते आणि दोष केबलवाल्याला किंवा छत्रीला दिला जातो. मराठी वाहिन्यांच्या बाबतीत एचडी आवृत्तीचा मुद्दाही लक्षात घ्यावा लागतो. झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या 2016 मध्ये सुरू झाल्या, परंतु त्यांचे क्रमांक साध्या आवृत्त्यांपेक्षा वेगळे असतात आणि सवयीने जुना क्रमांक दाबणाऱ्याला जुनेच चित्र दिसते.

पडद्याचा आकारही येथे मोजावा लागतो. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो, हे गृहीत धरले तर तीन मीटरवरून, म्हणजे सुमारे दहा फुटांवरून, 0.87 मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील ओळखता येत नाही. 32 इंची पडद्याची उंची सुमारे 40 सेंटिमीटर असते, म्हणजे एसडीच्या 576 ओळींतील प्रत्येक ओळ तेथे 0.7 मिलिमीटरच्या आसपास पडते. याचा अर्थ असा की बैठकीच्या खोलीत दहा फुटांवर बसणाऱ्या कुटुंबाला 32 इंची पडद्यावर चांगल्या दर्जाचे एसडी आणि एचडी यांतला फरक थोडाच जाणवेल. प्रत्यक्षात एसडी वाहिन्यांना माहितीचा वाटा फार कमी दिला जात असल्यामुळे एचडी तरीही उजवी ठरते, पण पडदा 43 इंचांचा किंवा मोठा नसेल, तर सगळ्या वाहिन्या एचडीत घेण्यापेक्षा ज्या खरोखर पाहिल्या जातात तेवढ्याच एचडीत घेणे शहाणपणाचे आहे.

डोंगरामुळे छत्री चालत नाही, ही समजूत घाटाखाली आणि सातपुड्याच्या पायथ्याशी विशेष पक्की आहे. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असतात आणि पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आकाशात एका जागी स्थिर भासतात. डीडी फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, टाटा प्लेचे उपग्रह 83 अंशांवर आणि एअरटेलचा 108.2 अंशांवर. बुलढाणा शहर साधारण 20.5 अंश उत्तर अक्षांश आणि 76.2 अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळे भूमितीने हिशेब केला, तर हे उपग्रह क्षितिजापासून अनुक्रमे सुमारे 59, 65 आणि 47 अंश उंच दिसतात आणि तिन्ही दक्षिण ते पूर्व या दिशांच्या मध्ये येतात. सातपुडा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे, म्हणजे जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील पायथ्याच्या गावांत तो छत्रीच्या पाठीमागे उभा असतो आणि संकेताच्या वाटेत येतच नाही. मोताळ्याकडून राजूर घाटाकडे पाहताना डोंगर दक्षिणेला असतो खरा, पण त्याची उंची 47 अंशांच्या जवळपासही जात नाही. लोणारच्या विवराचे उदाहरण तर फारच बोलके आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल असलेल्या त्या विवराच्या मध्यातून पाहिले, तरी काठ जेमतेम दहा अंश उंच दिसतो आणि तिन्ही उपग्रह मोकळ्या आकाशात राहतात. अडथळा असतो तो अंगणातल्या कडुलिंबाचा किंवा शेजारच्या नव्या मजल्याचा. 47 अंशांच्या उपग्रहासाठी दहा मीटर अंतरावरचे झाड छत्रीपेक्षा साधारण पावणेअकरा मीटर उंच झाले की वाट अडते, तर 65 अंशांच्या उपग्रहासाठी तेच झाड एकवीस मीटरांपेक्षा उंच असावे लागते. ज्या घराच्या आग्नेयेला दाट झाडी आहे, त्याने म्हणूनच सेवेचे नाव ठरवण्यापूर्वी त्या सेवेचा उपग्रह कोठे आहे हे विचारावे.

पावसाबाबतचा समज मात्र निम्मा खरा आहे. डीटीएच सेवा केयू बँडवर, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर चालते आणि या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात. हेडएंडवरच्या मोठ्या छत्र्या बहुधा सी बँडवर काम करतात. त्या लहरी लांब असल्यामुळे त्यांच्यावर पावसाचा परिणाम नगण्य असतो, म्हणून मुसळधार सरीत छत्रीचे चित्र गेले तरी केबलचे टिकते. पण नुसत्या ढगांमुळे किंवा रिमझिम पावसामुळे चित्र जात असेल, तर तो दोष आकाशाचा नसून बसवणीचा आहे. बॉक्सच्या सिग्नल तपासण्याच्या पानावर दोन पट्ट्या दिसतात, एक शक्तीची आणि दुसरी गुणवत्तेची. बहुतेक जण पहिलीकडे पाहतात, पण पाहायला हवी ती दुसरी. निरभ्र दिवशी गुणवत्तेची पट्टी काठावरच असेल, तर पहिल्याच सरीला ती पातळीखाली जाणार. म्हणून मृगापूर्वीच छत्रीचा रोख गुणवत्ता सर्वाधिक येईल असा घट्ट करून घ्यावा, गंजलेला क्लॅम्प बदलावा आणि वायरच्या टोकाचा एफ-कनेक्टर उघडून आत पाणी शिरले आहे का हे पाहावे. आतली तांब्याची तार काळपट किंवा हिरवट पडली असेल, तर तेवढे टोक कापून नवे लावल्यानेच पुष्कळ तक्रारी मिटतात. साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री लावली, तर संकेत गोळा करणारे क्षेत्र सव्वादोन पट होते. एचडीसाठी मोठी छत्री सक्तीची नसते, पण पावसाळ्यात ती उपयोगी पडते.

‘वायर म्हणजे भरवशाची’ हे केबलविषयीचे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. घरात येणाऱ्या कोॲक्सियल वायरीच्या तीस मीटरमध्ये वरच्या वारंवारितेवरील संकेताची निम्म्याहून अधिक शक्ती खर्ची पडते आणि दोन संचांसाठी स्प्लिटर लावला की प्रत्येकाला निम्म्याहूनही कमी मिळते. ही घट भरून काढायला वाटेत बूस्टर लावतात, पण बूस्टर संकेताबरोबर त्यातला गोंगाटही वाढवतो. शिवाय बूस्टरला आणि तंतूचे वायरीत रूपांतर करणाऱ्या नोडला वीज लागते. भारनियमनाच्या वेळी घरात इन्व्हर्टर चालू असूनही केबल बंद पडते ती यामुळेच, कारण वीज गेलेली असते ती वाटेवरच्या यंत्रांची. छत्रीच्या बाबतीत घरातली वीज टिकली की चित्र टिकते. खेड्यांत हा फरक पावसामुळे छत्रीचे चित्र जाते त्या वेळापेक्षा कितीतरी मोठा ठरतो, आणि तरीही निवडीच्या चर्चेत तो क्वचितच ऐकू येतो.

केबल स्वस्तच पडते, असेही सर्रास म्हटले जाते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2017 मध्ये काढलेली आणि 2019 मध्ये घरोघरी पोहोचलेली दरव्यवस्था डीटीएच आणि केबल या दोघांनाही लागू आहे. त्यात सशुल्क वाहिनीची कमाल किरकोळ किंमत प्रसारक जाहीर करतो आणि ती कोणत्याही मार्गाने घेतली तरी त्याच मर्यादेत राहते. वितरकाच्या नेटवर्क शुल्कावर सुरुवातीला 130 रुपये आणि कर अशी मर्यादा होती. जुलै 2024 मध्ये ट्रायने ती काढून टाकली, त्यामुळे आता सेवेसेवेत फरक असू शकतो आणि तो छापील पावती किंवा पॅकचा तपशील मागूनच कळतो. एकाच वाहिनीची एसडी आणि एचडी आवृत्ती ही किमतीच्या दृष्टीने दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. तयार पॅकमध्ये दोन्ही आल्या असतील, तर एकाच मालिकेचे पैसे दोनदा जातात. मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश सेवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला मोठा आधार आहे आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर मिळते, पण तिच्यावरच्या बहुतांश वाहिन्या साध्या दर्जाच्या असल्यामुळे एचडीसाठी ती घेणे फसगतीचे होईल.

हे सर्व जिल्ह्याच्या नकाशावर मांडले तर चित्र बरेच स्पष्ट होते. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, चिखली किंवा बुलढाणा शहरात, जेथे घरे दाटीने आहेत, तंतू गल्लीपर्यंत आलेला आहे आणि केबलवाला हाकेच्या अंतरावर राहतो, तेथे केबल सरस ठरण्याची शक्यता मोठी आहे, विशेषतः त्याच जोडणीवर इंटरनेटही मिळत असेल तर. लोणार, सिंदखेड राजा, संग्रामपूरकडील विरळ वस्तीत आणि शेतातल्या घरांत शेवटची वायर लांब पडते आणि वाटेवरच्या विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे तेथे डीटीएचच योग्य. सीमारेषा तालुक्याची नसून गल्लीची असते, म्हणून एकाच गावात दोन घरांचे उत्तर वेगळे असू शकते.

एक व्यत्यय मात्र दोन्ही मार्गांना सारखाच होतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे येतो आणि त्याच्या किरणोत्सर्गात संकेत बुडून जातो. जिल्ह्यातून दिसणाऱ्या उपग्रहांच्या जागा पाहता, घरावरच्या छत्रीवर हे साधारण सकाळी पावणेदहा ते दुपारी सव्वाबाराच्या दरम्यान, दररोज काही मिनिटे घडते. हेडएंडची छत्रीही याच सूर्यासमोर असल्यामुळे केबललाही ते चुकत नाही, फक्त त्याची वेळ तेथील उपग्रहाच्या जागेनुसार बदलते. त्या मिनिटांत कोणी छतावर चढून छत्री हलवली, तर सूर्य पुढे सरकल्यावरही चित्र परतत नाही आणि मग रोख पुन्हा जुळवायला तंत्रज्ञ बोलवावा लागतो.