हँडब्रेकच्या केबलला आधार कोणाचा?

घाटात गाडी उभी करायची असली की चालक हँडब्रेकची दांडी वर ओढतो. दाते अडकल्याचा कटकट आवाज येतो आणि बहुतेक गाड्यांमध्ये मागच्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. दांडीपासून चाकापर्यंत ही ओढ पोचते ती एका लवचीक केबलमधून. सायकलच्या ब्रेकची केबलही याच जातीची. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले, म्हणून तिला बाउडन केबल म्हणतात. आत पोलादी तार आणि बाहेर वेटोळ्यांचे आवरण, एवढीच तिची रचना.

तार ओढल्यावर ब्रेक लागतो हे सर्वांना ठाऊक असते. पण आवरणाचे काम काय? सायकल स्टँडवर लावा, आवरणाचे एक टोक ब्रेकजवळच्या खोबणीतून बाहेर काढा आणि मूठ दाबा. तार सरकेल, आवरणही तिच्याबरोबर सरकेल, पण ब्रेक लागणार नाही. (प्रयोग झाल्यावर टोक पुन्हा नीट बसवायला विसरू नका.) वाकड्या मार्गाने गेलेली तार ओढली की ती सरळ होऊ पाहते. आवरण तिला तसे होऊ देत नाही आणि त्यामुळे स्वतः दाबले जाते. घर्षण सोडून दिले तर तारेत जेवढी ओढ, तेवढाच आवरणात दाब. न्यूटनचा तिसरा नियम इथे असा हाताला जाणवतो.

हा दाब आवरणाच्या दोन्ही टोकांना कुणीतरी पेलला पाहिजे. मोटारीत हे काम गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेली पोलादी पट्टी, म्हणजे ब्रॅकेट, करते. ब्रॅकेटला भोक असते. तार त्यातून पुढे जाते आणि आवरण मात्र त्याच्या काठाला टेकून थांबते.

आता हे ब्रॅकेट किती मजबूत हवे, याचा हिशेब करू. संयुक्त राष्ट्रांच्या मोटारींसाठीच्या नियम क्र. १३-एचप्रमाणे, भरलेली गाडी २० टक्के चढावर किंवा उतारावर पार्किंग ब्रेकने स्थिर राहिली पाहिजे आणि हाताने लावावे लागणारे बल ४०० न्यूटनपेक्षा जास्त असता कामा नये. अशा उतारावर १००० किलोच्या गाडीला खाली खेचणारे बल सुमारे १९०० न्यूटन असते.

आपल्या उदाहरणापुरते असे धरू, की हात दांडीला टेकूपासून ३०० मिमीवर धरतो आणि केबल ५० मिमीवर जोडलेली आहे. म्हणजे तरफेचा फायदा सहापट. हाताचे ४०० न्यूटन केबलपाशी २४०० न्यूटन होतात. ते दोन चाकांच्या केबलींत वाटले गेले, तर प्रत्येकीत १२०० न्यूटन. दोन मोठी माणसे ब्रॅकेटला लोंबकळावीत, तेवढे हे बल झाले!

ब्रॅकेट इंग्रजी 'एल' अक्षरासारखे आहे, पट्टी ४० मिमी रुंद व ३ मिमी जाड आहे आणि भोक घडीपासून ३० मिमी उंचीवर आहे असे समजू. घडीपाशी बलाचे आघूर्ण १२०० × ३० = ३६,००० न्यूटन-मिमी. सपाट पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध 'रुंदी × जाडीचा वर्ग ÷ ६' या सूत्राने मोजतात: ४० × ९ ÷ ६ = ६०. आघूर्णाला याने भागले की ताण येतो दर चौ. मिमीला ६०० न्यूटन. साधे पोलाद सुमारे २५० न्यूटनला कायमचे वाकू लागते. म्हणजे दिसायला दणकट असलेली ही पट्टी पहिल्याच जोरदार ओढीला वाकेल.

जाडी ५ मिमी केली तर? ताण २१६ वर येतो. पट्टी टिकेल, पण जेमतेम. कुणी दोन्ही हातांनी दांडी ओढली तर संपलेच.

दुसरा मार्ग पाहा. पट्टी ३ मिमीचीच ठेवू, पण तिच्या दोन्ही कडा केबलच्या दिशेने १५ मिमी दुमडू आणि त्या तळाच्या पट्टीला वेल्ड करू. हिशेब केला तर ताण निघतो सुमारे ७७. ओढ दुप्पट झाली तरी १५४! गंमत म्हणजे पोलाद जवळजवळ तेवढेच लागले. ५ मिमी पट्टीच्या छेदाचे क्षेत्रफळ २०० चौ. मिमी, तर दुमडलेल्या पट्टीचे २१०. वस्तुमान वाढवले नाही, फक्त ते वाकण्याच्या मध्यरेषेपासून दूर नेले.

मोडणे हा एकच धोका नाही. ब्रॅकेट न मोडता २ मिमी मागे लवले, तर तारेची तेवढी सरक वाया जाते आणि हाताला सहापट, म्हणजे १२ मिमी, जास्त ओढावे लागते. दांडीचे दाते संपतात, पण ब्रेक पुरता आवळलेला नसतो. आणखीही पथ्ये आहेत. एकाच बोल्टवर ब्रॅकेट फिरू शकते, म्हणून दोन बोल्ट हवेत. घडीचा कोपरा धारदार नको, गोलसर हवा; नाहीतर वारंवारच्या ओढीने तिथे तडा जातो. केबल भोकात सरळ शिरली पाहिजे, कारण प्रत्येक वळण घर्षण वाढवते. घर्षणांक ०.१५ असेल, तर काटकोनातल्या एका वळणात सुमारे पाचवा हिस्सा ओढ गमावली जाते.

वर्गात यासाठी दोन पोस्टकार्डे पुरेत. एक सपाट ठेवा, दुसऱ्याच्या लांब कडा दुमडा. दोन्ही दोन पुस्तकांवर पुलासारखी ठेवून मधोमध नाणी रचत जा. कोणते किती नाणी पेलते ते मुलांना मोजू द्या. मग त्यांना पत्र्याची खुर्ची, रेल्वेचा रूळ आणि छपराचा पन्हाळी पत्रा पाहायला सांगा आणि विचारा: यांतले कोणीच सपाट का नाही?