भाव विचारायला पैसे पडत नाहीत

नंदुरबार जिल्ह्यात गुची नाही, प्रादा नाही, लुई व्हितॉन नाही. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, दहातली जवळजवळ सात माणसं आदिवासी असलेला हा जिल्हा सरकारी अहवालांत कायम शेवटच्या बाकावर बसलेला असतो. त्यामुळे महागड्या दुकानांतल्या गिऱ्हाइकांचे नमुने शोधायला इकडे कुणी फिरकत नाही. फिरकलं पाहिजे. लाखाची वस्तू विकायची आणि घ्यायची कशी, याचं इथलं शहाणपण मुंबईच्या काचेच्या दारांना पुरून उरेल असं आहे. मासला म्हणून तीन ठिकाणं घेऊ: सारंगखेड्याचा घोडेबाजार, होळीच्या आधीचं सराफाचं दुकान आणि लग्नाचा बस्ता.

काचेविना शोरूम

शहादा तालुक्यातलं सारंगखेडा तापीच्या काठावर आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार भरतो. परंपरा तीनशे वर्षांहून जुनी असल्याचं सांगतात. 2016 पासून तिला चेतक महोत्सवाची जोड मिळाली आणि घोडे घेणाऱ्यांपेक्षा घोडे बघणारे कितीतरी पटींनी वाढले. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, नुकरा अशी जनावरं राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतात. साधं घोडं हजारांत मिळतं, देखणं लाखांत जातं आणि काहींची किंमत कोटीत सांगितली जाते. हे कोटीचं जनावर मांडवाखाली दावणीला उभं असतं. दारावर दरवान नाही, काच नाही. कुणीही यावं आणि भाव विचारावा.

कुणीही येतो आणि विचारतोच. पहिला नमुना म्हणजे निव्वळ विचारकर. खिशात परतीच्या एसटीचे पैसे, पण प्रश्न एकदम मालकी थाटाचा: "काय भाव शे?" आकडा ऐकला की मान हलवून "जास्ती शे" म्हणतो, जणू दहा-वीस हजार कमी असते तर दावं सोडून घेऊनच गेला असता. दुसरा जाणकार काका. याला घ्यायचं काहीच नसतं, पण दुसऱ्याच्या सौद्यात मधे पडून "मागचा पाय बघा जरा" असं कुजबुजायचं असतं. तिसरा रीलवाला तरुण. त्याला घोड्याची किंमत नको, घोड्याचा तोंडवळा हवा. तोही स्वतःच्या तोंडवळ्याशेजारी. चौथा मामांच्या भरवशावर जगणारा: "मामा उद्या येतील, मग ठरवू." हे मामा कुणी कधी पाहिलेले नसतात.

खरा घेणारा वेगळाच. तो घोड्यासमोरून दोनदा जातो आणि दोन्ही वेळा दुसरीकडेच बघत जातो. तिसऱ्यांदा एखाद्या पारख्याला सोबत घेऊन येतो. पारखी घोड्याचा ओठ उचलून दात बघतो, कारण पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात जाऊन पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात आणि वयाच्या बाबतीत मालकापेक्षा दात जास्त खरं बोलतात. मग खूर, मग चाल, मग उंची. सगळ्यात शेवटी भोवरे. अंगावर केसांचा भोवरा कुठे पडलाय यावर शुभ-अशुभ ठरतं. गळ्यावर देवमण असला की किंमत चढते, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी असला की आणखी चढते आणि नको त्या जागी भोवरा सापडला की देखणं जनावरही पडेल भावात जातं. अशा वेळी विकणाऱ्याची प्रतिभा बघावी. "भोवरा कसला काका, रात्री त्या कुशीवर झोपलं, केस दबलेत!" काका हात फिरवून केस सरळ करतात. केस पुन्हा गोल होतात. दोघंही हसतात आणि किंमत काही हजारांनी उतरते.

आकडा ठरतो तो जनावरांच्या बाजाराच्या जुन्या रीतीने. दलाल हातावर रुमाल टाकतो, त्याखाली दोघांचे हात जातात आणि बोटं दाबून बोली होते. हजार की लाख हे आधी समजलेलं असतं, बोटं फक्त आकडा सांगतात. वरून तोंडं मात्र भलतंच बोलत असतात: पाऊस, कापूस, पोराचं लग्न. भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही आणि तोच तर हेतू. सौदा फिसकटला तरी विकणाऱ्याने किती खाली यायची तयारी दाखवली हे पुढच्या गिऱ्हाइकाला ठाऊक होत नाही आणि घेणाऱ्याची ऐपत किती होती हे गावाला समजत नाही. इभ्रत दोघांचीही झाकलेली राहते.

मग कोटीचा आकडा उघड का सांगतात? कारण तो बहुतेकदा विकण्यासाठी सांगितलेलाच नसतो. ज्या वळूघोड्याची किंमत कोटीत गाजली, त्याच्याकडे घोड्या लावायला आणण्याचा दर वाढतो, त्याच्या शिंगरांचा भाव वाढतो, मालकाचा फोटो पेपरात येतो. घोडा पुन्हा घरी जातो आणि किंमत त्याच्या आधी गावात पोचलेली असते. जाहिरातीचा एवढा स्वस्त आणि इतका देखणा प्रकार दुसरा नसेल.

जीन विकणारे पुढे काय झाले

घोड्यांवरून गाडी थेट पॅरिसला जाते. जगातल्या सगळ्यात महागड्या हँडबॅगांसाठी ओळखलं जाणारं एर्मेस हे घराणं 1837 मध्ये सुरू झालं ते घोड्यांचा साज बनवणारं म्हणून. घोडागाडी अजून त्यांच्या बोधचिन्हात आहे. 2011 मध्ये त्यांनी मुंबईत हॉर्निमन सर्कलला दुकान थाटलं. या घराण्याची बर्किन बॅग मात्र पैसे आहेत म्हणून सहज मिळत नाही. आधी इतर वस्तू घेतलेल्या बऱ्या, विक्रेत्याशी ओळख वाढवलेली बरी, असा अनुभव गिऱ्हाईक सांगतात. याच तक्रारीवरून मार्च 2024 मध्ये कॅलिफोर्नियात काही ग्राहक कोर्टात गेले. सारंगखेड्यात दुकानदार गिऱ्हाइकाच्या मागे धावतो, एर्मेसकडे गिऱ्हाईक दुकानदाराची मर्जी सांभाळतं. आपल्याकडे याला मिनतवाऱ्या म्हणतात, तिकडे त्याचाही भाव लागतो.

अशा दुकानांत अपमानाचीही एक परंपरा आहे. 2013 मध्ये अमेरिकी टीव्ही सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्रीने झुरिकमधला किस्सा जाहीरपणे सांगितला होता: तिने एक बॅग दाखवायला सांगितली, तर ती तुम्हाला फार महाग पडेल अशा अर्थाचं उत्तर मिळालं. विक्रेतीने हे नाकारलं, पण स्वित्झर्लंडच्या पर्यटन खात्याला माफी मागावी लागली. बॅगेची किंमत अडतीस हजार डॉलर होती. अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत बायकांपैकी एक समोर उभी होती आणि काउंटरपलीकडे तिला कुणी ओळखलं नव्हतं.

गंमत अशी की हा तोरा धंद्याला पोषकही ठरतो. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल या दोन अभ्यासकांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की उंची ब्रँडच्या विक्रेत्याने नाक मुरडलं की त्या ब्रँडची हौस असलेल्या माणसाला ती वस्तू आणखीच हवीशी वाटते. मात्र त्याला अटी आहेत. विक्रेता स्वतः त्या ब्रँडला शोभेसा दिसायला हवा, साध्या दुकानात ही मात्रा चालत नाही आणि काही काळाने असर उतरतो. म्हणजे अपमान गिळून घेतलेली बॅग घरी आल्यावर डोळ्यांत खुपू लागते.

आपल्याकडे नाक मुरडलं की काय होतं ते जानेवारी 2022 मध्ये कर्नाटकातल्या तुमकूरला दिसलं. साध्या कपड्यांतला शेतकरी मित्रांसोबत गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला. तुझ्या खिशात दहा रुपये तरी असतील का, असं विक्रेत्याने ऐकवल्याची त्याची तक्रार होती. तासाभराच्या आत तो दहा लाख रोख घेऊन परत आला आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता गाडी द्या. ती तर देता येईना. शोरूमवाल्यांची तंतरली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं आणि शेवटी माफीनामा झाला. शहाद्याच्या केळीवाल्या, पपईवाल्या, उसवाल्या शेतकऱ्यांना ही बातमी नवी वाटली नसेल. मळलेल्या सदऱ्याच्या खिशात किती आहे याचा अंदाज करू नये, हे इथला दुकानदार गल्ल्यावर बसायच्या आधी शिकतो.

चांदी आणि एकेरी हाक

सातपुड्यात होळी हा वर्षाचा सगळ्यात मोठा सण. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगाव भागात भोंगऱ्या बाजार भरतात. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परततात आणि सराफाकडे गर्दी होते. गळ्यातली हासळी, कमरेचा कंदोरा, दंडातल्या वाक्या, पायांतली कडी. सगळं चांदीचं आणि सगळं वजनदार.

इथलं गिऱ्हाईक एकटं येत नाही. आजी, सून, मुलगा, जावई आणि गावातला एक समजूतदार माणूस, असा सगळा गोतावळा गादीवर बसतो. आजी दागिना तळहातावर घेऊन दोनदा वर-खाली करते आणि वजन बोलून दाखवते. काटा तिच्या बोलण्याच्या फार लांब जात नाही. मग ती पहिला प्रश्न घडणावळीचा विचारत नाही, डिझाइनचाही नाही. ती विचारते, "शेठ, हे परत आणलं तर तू काय देशील?"

एवढ्या एका प्रश्नात सगळी अर्थनीती आली. पेरणीला बियाणं हवं, दवाखाना निघाला, पोराच्या लग्नात देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायची वेळ आली, तर हीच चांदी कामाला येणार. दागिना अंगावर मिरवायचाही आणि अडीनडीला मोडायचाही. म्हणून टंच किती, घट किती, मोडीचा भाव काय, हे आधी पक्कं व्हायला हवं. पन्नास हजारांची पर्स घेणाऱ्या किती जणींनी दुकानात विचारलं असेल की परत आणली तर काय द्याल? विचारलं असतं तर दुकानात शांतता पसरली असती. चांदीने किलोला लाखाचा टप्पा ओलांडला तेव्हा आजीचं गणित बरोबर ठरलं. तिच्या कंदोऱ्याची किंमत पेटीत बसल्या बसल्या वाढली होती.

नवखा विक्रेता मात्र पहिल्याच दिवशी गडबडतो. डोंगरातली बोली एकेरी. शेठला तू, साहेबाला तू, देवालाही तू. पुण्या-नाशकाकडून आलेल्या टाय लावलेल्या पोराला आजी "तू दाखव ना रे ते" म्हणते आणि त्याचे कान लाल होतात. जुना दुकानदार त्याला बाजूला घेऊन समजावतो: ज्याला ती परकं समजते त्याच्याशी ती बोलतच नाही.

सरकारी नियमांनी या बैठकीत नवं विनोदी पात्र आणलं आहे. दोन लाखांवरच्या खरेदीला 2016 पासून पॅन लागतं. दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला 2017 पासून बंदी आहे. त्यामुळे एक लाख पंच्याण्णव हजार हा आकडा सगळ्यांचा लाडका झाला. "याचं बिल, त्याचं बिल, वेगवेगळं करा ना शेठ." एकाच प्रसंगाची रक्कम तोडून चालत नाही, हे सांगता सांगता सराफाच्या घशाला कोरड पडते. पॅन मागितलं की गिऱ्हाईक अभिमानाने आधार काढतं. त्या अभिमानाला कारणही आहे: देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं होतं.

बस्ता आणि सेम टू सेम

तिसरं दुकान कापडाचं. नंदुरबारहून रेल्वेने सुरत काही तासांवर, म्हणून मोठा बस्ता सुरतेला आणि घाईचा बस्ता गावातच. दोन्हीकडे प्रयोग एकच. नवरीला शालू आवडतो, नवरीच्या आईला रंग खटकतो, नवऱ्याच्या आत्याला काठ बारीक वाटतो आणि गाडीभाडं देणारे काका इतका वेळ गप्प बसून शेवटी म्हणतात, "पहिला दाखवला होता तोच बरा होता." तो पहिला शालू ऐंशी घड्यांच्या ढिगात तळाशी असतो. विक्रेता हसऱ्या चेहऱ्याने चहा मागवतो. मानपानाच्या साड्यांची तऱ्हा आणखी वेगळी: देणाऱ्याला स्वस्त हवी, पण दिसायला महाग, आणि लेबल काढून द्या ही विनंती हळू आवाजात.

आता नंदुरबार, शहाद्यात बुटिकच्या पाट्या झळकतात. तिथलं गिऱ्हाईक मोबाइल उघडून नटीच्या लग्नातला लेहंगा दाखवतं आणि सांगतं, "सेम टू सेम, पण बजेटमध्ये." मूळ लेहंग्याला कारागिरांचे महिने गेलेले, इकडे हळद आठ दिवसांवर. बुटिकवाली ताई नाही म्हणत नाही. ती रंग सेम ठेवते, जर कमी करते, ओढणी मोठी करते आणि नवरी आरशात बघून खूश होते. हळदीच्या फोटोत फरक कुणालाच कळत नाही.

जोखणारे दोघे

या तिन्ही ठिकाणी सौदा वस्तूचा असतो, पण घासाघीस पतीची चाललेली असते. विचारकराला घोडा नको होता. कोटीच्या मालकाने आपल्याला उत्तर दिलं, एवढं त्याला पुरतं. आजीला सूट नको होती. आपल्या हिशेबाला शेठने मान दिला पाहिजे होता. झुरिकला आणि तुमकूरला नेमकं हेच हुकलं. नाक मुरडून एखादी बॅग खपेलही, पण होळीला पुन्हा तेच कुटुंब, तेच गाव, तीच आजी समोर येणार असेल तर ती चैन परवडत नाही. नंदुरबारचा दुकानदार मुळात फार थोर आहे असं नव्हे. त्याचं गिऱ्हाईक पिढ्यांचं आहे आणि अपमान डोंगरभर पसरायला एक बाजार पुरतो, हे त्याला पक्कं माहीत आहे.

या दिवाळीत खरेदीला निघाल तेव्हा भाव मोकळ्या आवाजात विचारा. मोडीत काय मिळेल हेही विचारा. सरळ उत्तर मिळालं तर काही न घेताही त्या दुकानाचं नाव चार जणांना सांगा आणि तुमच्या चपलांकडे बघून उत्तर आलं, तर दुकान बदला.