रुपयाचे अवमूल्यन आणि परकीय सल्ला

नागरिकशास्त्राचा पाठ चालू असता एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "देश आपला, रुपया आपला, मग त्याचा भाव बाहेरच्या संस्था कशा ठरवतात?" प्रश्न साधा, पण उत्तर तितके साधे नाही. 'त्याच ठरवतात' हे खरे नव्हे, आणि 'त्यांचा काही संबंध नाही' हेही खरे नव्हे. या दोहोंमधील सत्य १९६६ च्या अवमूल्यनात फार स्पष्ट दिसते. म्हणून त्या प्रकरणाची उकल येथे करावी असे आम्हांस वाटते.

प्रथम संस्थांविषयी. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख त्या परिषदेस आपल्या शिष्टमंडळात होते. नाणेनिधीत 'एक राष्ट्र, एक मत' असा नियम नाही. ज्याचा वाटा मोठा त्याची मते अधिक. भारताचा प्रारंभीचा वाटा ४० कोटी डॉलरांचा, म्हणजे सहाव्या क्रमांकाचा होता. सोव्हिएत रशिया सभासद न झाल्यामुळे भारत पहिल्या पाचांत आला. तथापि अमेरिकेचा वाटा २७५ कोटींचा होता, हे विसरता कामा नये.

नाणेनिधीच्या मूळ घटनेत असे कलम होते, की चलनाचा ठरलेला दर बदलण्याचा प्रस्ताव त्या सभासद राष्ट्रानेच मांडावयाचा आणि निधीशी विचारविनिमय करून मगच तो बदलावयाचा. म्हणजे कायद्याने पाहता पहिले पाऊल सरकारचेच. मग दडपण येते कोठून? ते कलमातून येत नाही, गरजेतून येते.

ही गरज १९६५ मध्ये पराकोटीस पोहोचली. डॉलरचा दर १९४९ पासून ४ रुपये ७६ पैसे असा स्थिर होता. देशातील किमती मात्र वाढत गेल्या होत्या. निर्यात मंदावली, आयातीवर परवान्यांची बंधने आली. १९६२ च्या युद्धानंतर संरक्षणखर्च वाढला होता. त्यातच १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले, अमेरिकेने मदत थांबवली आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. जागतिक बँकेने पाठवलेल्या बेल समितीने अवमूल्यन करावे व आयातीची बंधने सैल करावीत असा सल्ला दिलेला होता. गव्हासाठी अमेरिकेकडे पाहावे लागत होते, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी तो गहू एकदम न देता थोडा थोडा सोडण्याचे धोरण धरले होते. रिकाम्या कोठारापुढे सल्ल्याला अटीचे रूप येते ते असे.

६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ७ रुपये ५० पैसे झाला. येथे वर्गात हमखास गोंधळ होतो: कोणी घट ३६.५ टक्के सांगतो, कोणी ५७.५ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत. रुपयाला पूर्वी २१ सेंट मिळत, ते सुमारे १३.३ सेंटांवर आले; ही रुपयाच्या मोलातील ३६.५ टक्के घट. उलट हजार डॉलरांचे यंत्र ४,७६० रुपयांना मिळे, त्याला ७,५०० रुपये पडू लागले. ही डॉलरच्या किमतीतील ५७.५ टक्के वाढ.

परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला नाही. निर्यातीची अनुदाने त्याच वेळी काढून घेतली गेली आणि चहा, ताग यांसारख्या मालावर निर्यातकर बसला. त्यामुळे अवमूल्यनाचा लाभ बराचसा आटला. १९६६ मध्येही दुष्काळ पडला व महागाई भडकली. मदतीचा ओघ पुढे टिकला नाही. सत्ताधारी पक्षातही निर्णयावर कडाडून टीका झाली. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या लोकसभेतील जागा ३६१ वरून २८३ वर आल्या आणि अनेक राज्यांत तिचे बहुमत गेले. याला अवमूल्यन हे एकमेव कारण म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु 'परक्यांच्या सांगण्यावरून' झालेला निर्णय ही लोकांची समजूत सरकारला जड गेली, यात शंका नाही.

जुलै १९९१ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच उरले होते. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी पाठवले आणि रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. नाणेनिधीच्या अटी याही वेळी होत्या. मात्र औद्योगिक परवाने आणि व्यापार यांतील सुधारणांचा विचार देशात आधीपासून झालेला होता आणि अवमूल्यनाला त्यांची जोड मिळाली. या वेळी फळ निराळे आले, त्याचे एक मोठे कारण हे.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला काय सांगावे? आमच्या मते असे: बाहेरच्या संस्था सही करीत नाहीत, सही सरकारचीच असते. पण ज्याच्या कोठारात धान्य व तिजोरीत चलन आहे, तो सल्ला ऐकून नाकारू शकतो. ज्याच्याकडे नाही, त्याला नकाराची किंमत परवडत नाही. आणि नाइलाजाने घेतलेला निर्णयसुद्धा पूर्वतयारी असेल तर तारतो, नसेल तर बुडवतो. एवढे ध्यानी आले, तर स्वातंत्र्य हा शब्द विद्यार्थ्याला इतिहासाच्या पुस्तकापुरता राहणार नाही. अर्थसंकल्पाच्या बातमीतही तो त्याला दिसू लागेल.